कायरोप्रॅक्टर म्हणजे नेमका कोण? नानांच्या कमरेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चोपड्याकडून लिहितोय. वडील (नाना) वय 62, केळीची शेती. कापणीला मजूर कमी पडले म्हणून स्वतःच घड खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेत होते, वीस-बावीस किलोचा एकेक, आणि चौथ्या खेपेला कमरेत अशी चमक भरली की घड तिथंच सोडला. जळगावला एमआरआय केला, कमरेच्या एल फोर आणि एल फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकलीय, डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या येतात. ऑर्थोवाले म्हणाले ऑपरेशन नको, गोळ्या आणि फिजिओ. नाना चारदा गेले, 'नुस्ते पाय उचलायला लावतात' म्हणून बंद.

आता चुलतभाऊ कायरोप्रॅक्टरचं रील दाखवतोय, मान धरली, कडाक्, माणूस हसत उठतो. असाच एकजण माहितीतला आहे, एका सीटिंगचे 1500. मी फोन केला तर म्हणे एमआरआय आणू नका, हात लावला की कळतं, बीपीपण उतरेल. डिग्री विचारली तर 'सर्टिफाइड आहे' एवढंच. आई म्हणते त्यापेक्षा गल्लीतली पायाळू (पायाकडून जन्मलेली) बाई फुकटात लाथ मारते, आजोबांची उसण तशीच गेली होती. आणि रील बघून नाना, 'तो मन्ही कंबर मोडी टाकी रे!'

हा डॉक्टर असतो की हाडवैद्य? गादी सरकलेल्याला झटका चालतो का? नानांना बीपीची गोळी चालू आहे.

धुळ्याची फिजिओ:
दादा, मी स्वतः फिजिओ आहे त्यामुळे माझं मत थोडं तिकडं झुकणारच. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानेच मणक्याला झटका देऊन उपचार, 1895 साली अमेरिकेत डी. डी. पामरने सुरू केलं, मणका सरकला की बहुतेक आजार होतात असं त्याचं म्हणणं, त्याला पुरावा नाही, पण बीपी उतरवण्याच्या गप्पा येतात त्या तिथूनच. तिकडे आता त्याची चार वर्षांची डिग्री आणि लायसन्स असतं, तपासून, रिपोर्ट बघून हात लावतात, साध्या कंबरदुखीत काहींना बरं वाटतं, व्यायामाने वाटतं साधारण तेवढंच. आपल्याकडे त्यांची वेगळी कौन्सिल नाही, म्हणून आठ दिवसांचा कोर्स करूनही बोर्ड लागतो. कडाक् आवाज हाड बसल्याचा नसतो हो, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो, बोटं मोडताना होतो तोच. रिपोर्ट नको म्हणणाऱ्याकडे मुळीच नेऊ नका, आणि मानेला तर हातच लावू देऊ नका, झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत, कमी असतात पण आहेत. लाथ तर नकोच. लघवी अडली, नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. लघवीचं विचारलं तर नाना माझ्यावरच खेकसले, पण तसं काही नाही म्हणाले. पाऊल उचलतंय. आईला लाथेचं अजून पटलेलं नाही, तिला मी सांभाळतो. चोपड्यात घरी येऊन व्यायाम करून घेणारं कोणी असेल तर कळवा ना, रिक्षात बसून जायचं म्हटलं की आमच्या रस्त्यानेच कंबर जाते.