लेखकाने वाचकाला कुठे गाठावं: फेसबुकच्या भिंतीवर की स्वतःच्या ओसरीवर?

खिळेजुळारी
नवा लेखक हस्तलिखित घेऊन गेला की आता प्रकाशक आधी विचारतो, "फेसबुकवर किती माणसं जोडली आहेत?" मग तो बिचारा सहा महिने रोज पोस्टींच्या जिलब्या पाडत बसतो. माझ्या मते ही मेहनत भलत्या जागी जाते. फेसबुक, इन्स्टा ओळख व्हायला ठीक आहेत. पण ओळख झालेला वाचक स्वतःच्या ओसरीवर, म्हणजे ब्लॉगवर, आणि तिथून ईमेलच्या यादीत यायला हवा.

परक्याच्या जागेत संसार मांडला की काय होतं ते आपण बघितलंय. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये गेलं. टिकटॉकवर जून २०२०मध्ये बंदी आली. फेसबुकवर लांब लेखांसाठी 'नोट्स' होत्या, ती सोयही २०२०च्या ऑक्टोबरअखेर काढून घेतली. प्रत्येक वेळी जमवलेली माणसं तिथेच राहिली. ईमेलची यादी मात्र फाईल म्हणून उतरवून दुसरीकडे नेता येते.

मांडणी फार अवघड नाही. स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबवरचा पत्ता) ब्लॉगला जोडा. प्रत्येक लेखाखाली नोंदणीचा अर्ज ठेवा आणि त्यात नाव व ईमेल एवढंच विचारा, तिसरी चौकट आली की माणसं गळतात. महिन्याला एक पत्र पुरे. नोंदणी झाल्याबरोबर जाणाऱ्या पहिल्या पत्रात एक खरा प्रश्न असावा, उदाहरणार्थ "अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?" लोक उत्तर देतात. आणि उत्तर आलं की पुढची पत्रं स्पॅममध्ये पडायची शक्यता कमी होते.

चावडीवरचा
साफ असहमत. मराठी वाचक ईमेल उघडतो तो रेल्वेचं तिकीट आणि बँकेचं स्टेटमेंट बघायला. वाचायला तो व्हॉट्सॲपवर बसलेला आहे आणि तुम्ही त्याला ओसरीवर बोलावताय. तो यायचा नाही. आपणच चावडीवर जायचं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (निरोप एकच, पण प्रत्येकाला सुटा जाणारा) हे लेखकाचं सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे. एका यादीत २५६ जण बसतात, अशा एकाहून जास्त याद्या करता येतात. गोची एकच: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वाचकाचा नंबर मागत फिरू नका. उलट लिहा: "माझा नंबर सेव्ह करा आणि मला 'कथा' एवढा शब्द पाठवा." ज्याने हे दोन्ही केलं तो खरा वाचक. त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, बाकीच्या दोनशे पंचावन्नांना दिसत नाही. याहून वैयक्तिक आणखी काय असतं?

ग्रुप मात्र काढू नका. दुसऱ्या आठवड्यात शुभ सकाळ आणि तिसऱ्यात निवडणूक.

किडेकरी
दोघांनीही पायाची गोष्ट सोडली. मराठी ब्लॉग सापडत नाही याचं निम्मं कारण पत्ता. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा बनतो. शंभर लेख, शंभर सारखेच पत्ते. प्रकाशित करायच्या आधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) उघडून रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः भरायचे. नंतर बदलाल तर आधी वाटलेले दुवे तुटतील.

वर्डप्रेसची तऱ्हा उलटी. तिथे पत्ता देवनागरीत राहतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची हातभर माळ होते. काका लोकांना तो व्हायरस वाटतो. तिथेही पत्ता हाताने रोमनमध्ये टाका.

ईमेलवाल्यांसाठी: साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपलीकडे पाठवता येत नाही आणि 'सीसी'मध्ये सगळ्यांचे पत्ते टाकणं हा तर गुन्हाच मानावा. यादी वाढली की वार्तापत्र पाठवायची सेवा घ्या, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या) नोंदी करा. शिवाय जीमेल १०२ केबीच्या वरचं पत्र कापून "पूर्ण संदेश पाहा" असं दाखवतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, इंग्रजीची एकच, म्हणून आपलं पत्र लवकर कापलं जातं. आणि 'यादीतून काढा' हा दुवा नेमका पत्राच्या तळाशी असतो, तोच गायब. मग वाचक वैतागून स्पॅमचं बटण दाबतो.

खिळेजुळारी
@चावडीवरचा, एक विचारतो. व्हॉट्सॲपवर टाकलेली कथा तिसऱ्या दिवशी "लेखक अज्ञात, पण मनाला भिडलं" म्हणून तुमच्याच मामाकडून परत येते. तिथे कसलं नातं जुळणार? वाचक लेखकाला ओळखतच नाही.

चावडीवरचा
नाव शेवटी टाकता म्हणून जातं. पुढे पाठवणारा बोट दाबून शेवटची ओळ पुसतो, मधलं वाचून कोण पुसणार? तेव्हा नाव शीर्षकाच्या ओळीतच गुंफा, आणि मध्ये कुठेतरी "या मालिकेच्या पहिल्या भागात म्हटलं तसं" अशी खूण पेरा. वाचक पहिला भाग शोधतो आणि शोधत शोधत तुमच्यापर्यंत येतो. चोरी थांबत नाही, पण माग राहतो.

लेखाचं चित्र करून टाकायची युक्ती काही जण सुचवतील. नका करू. चित्रातला मजकूर शोधात धड सापडत नाही, ज्यांना दिसत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर तो धड वाचत नाही, आणि आजोबांना दोन बोटांनी मोठा करून ओळ ओळ सरकवत बसावं लागतं. कवितेच्या चार ओळी ठीक.

पिंकबहाद्दर
सरळ व्हॉट्सॲप चॅनल काढा की. २०२३पासून आहे, नंबरही दिसत नाही.

सांजवात
चॅनल ही फलकावरची सूचना आहे हो. वाचक बहुतेक वेळा इमोजी टेकवतो. बोलणं एकीकडूनच.

पण नंबर दिसण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. वरचे दोघेही "वैयक्तिक नातं" हा शब्द फार सहज वापरताय. बाईने "मला 'कथा' लिहून पाठवा" असं जाहीर केलं तर रात्री साडेअकराला "जेवलात का?" येतं. त्यामुळे चावडीवरच्यांचा मार्ग धरायचाच असेल तर आधी हे करा. दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप टाका, वेगळं खातं. त्यात उत्तराच्या वेळा ठरवता येतात, त्याबाहेर निरोप आला की ठरलेलं उत्तर आपोआप जातं. प्रोफाइलचा फोटो आणि 'लास्ट सीन' फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा. मात्र मग वाचकांचे नंबर त्या फोनमध्ये सेव्ह करू नका. ते ओळखीच्यांत धरले जातात आणि सगळी तटबंदी फुकट. यादी करायला सेव्ह करावेच लागले, तर 'ओळखीच्यांपैकी हे वगळून' हा पर्याय वापरा.

दुसरी गल्लत म्हणजे वैयक्तिक याचा अर्थ घरगुती असा घेणं. मुलांच्या वाढदिवसाचे फोटो, नवऱ्याचं ऑपरेशन, हे टाकलं की लाईक ढीगभर मिळतात, पण ते कुटुंबाला मिळालेले असतात, पुस्तकाला नाही. वाचकाला कामाच्या आत घ्या. कथेतून काढून टाकलेला परिच्छेद द्या आणि तो का काढला ते सांगा. मुखपृष्ठाचे दोन कच्चे आराखडे समोर ठेवा. एखाद्या शब्दावर अडला असाल तर विचारा: "नांगरटीनंतरच्या ढेकळांना तुमच्याकडे काय म्हणतात?" अशा प्रश्नाला लातूरपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं उत्तर देतात, आणि पुस्तक आल्यावर आपला शब्द त्यात आहे का ते आवर्जून बघतात.

खिळेजुळारी
हे पटलं. फक्त हीच उत्तरं फेसबुकवर आली तर आठ दिवसांत खाली गाडली जातात. ब्लॉगखाली आली तर पाच वर्षांनी शोधणाऱ्यालाही सापडतात. जुन्या लेखांवर जाहिरातखोर येतात हे खरं, त्यासाठी १४ दिवसांहून जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया तपासून सोडायची सोय ब्लॉगरमध्ये आहे. ती चालू करा, पण सरसकट सगळ्या प्रतिक्रिया अडवून धरू नका. लिहिलेलं लगेच दिसलं नाही की माणूस परत येत नाही.

जुना_टपाली
मुळात प्रत्येकाशी बोललंच पाहिजे हा अट्टहास कशाला? कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहत, सभा-समारंभ टाळत. वाचक कमी झाले का?

सांजवात
तुम्हीच आमच्या बाजूचं उदाहरण दिलंत! जी.ए. सभा टाळत, पण पत्रं भरभरून लिहीत. ती पुढे खंडांच्या रूपात छापलीही गेली. एकेकाला वेगळं पत्र. सगळ्यांना एकच "धन्यवाद 🙏" चिकटवणं आणि ते, यांत फरक आहे.

जुना_टपाली
मान्य. पण त्यांच्या पत्राला वेळेचं बंधन नव्हतं. इथे तासाभरात उत्तर नाही दिलं तर "शिष्ट झालाय" म्हणतात. लिहायचं कधी?

किडेकरी
उत्तराचे दोन दिवस ठरवून ते जाहीर करा, बुधवार-रविवार वगैरे. आधी प्रश्नांना उत्तरं, मग चूक दाखवणाऱ्यांना, कौतुकाला सगळ्यात शेवटी. बहुतेक लेखक नेमकं उलट करतात. चूक दाखवणाऱ्याचे नाव घेऊन लेखात दुरुस्ती केली की तो माणूस पुढचा प्रत्येक लेख डोळ्यांत तेल घालून वाचतो. फुकटचा मुद्रितशोधकच म्हणा.

नवखा_१
चर्चा भारी, पण पुस्तक दोन महिन्यांवर आलंय. यादीत १८० जण व्हॉट्सॲपवर, ४० ईमेलवर. प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी कुठे घेऊ?

चावडीवरचा
निरोप दोन्हीकडे पाठवा, पण नोंदणी एकाच अर्जात. चॅटमधून पत्ते उतरवत बसलात तर दहावं पाकीट चुकीच्या पिनकोडवर जाईल.

खिळेजुळारी
इथे मात्र सहमत. अर्जात पूर्ण पत्ता एका चौकटीत, पिनकोड वेगळ्या चौकटीत आणि त्याला सहा आकड्यांची अट घाला. प्रतीवर सही कुणाच्या नावाने हवी तेही विचारा, भेट देणारे बरेच असतात. यूपीआयने पैसे भरले की १२ आकड्यांचा व्यवहार क्रमांक मिळतो, त्यातले शेवटचे चार मागा. पैसे मुलाच्या खात्यातून येतात, नोंदणी आईच्या नावाने असते, आणि नुसत्या नावावरून हिशेब जुळवताना रात्र जाते.

नवखा_१
सहीचं डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज आज करतो. पण आधी त्या ४० जणांना ढेकळांचं विचारून बघतो.