मिठाचं पाणी पाजायचा सल्ला देणं थांबवा!

रात्रपाळी: काल इथे एकाने ठासून लिहिलंय, "विष पोटात गेलं की आधी मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, औषध काय ते रिपोर्ट आल्यावर ठरतं." दोन्ही चूक. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट जातो हो. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ गळतेय, घामाने चिंब, छातीत खरखर, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकातलं विष), त्याचा उतारा ॲट्रोपिन लगेच आणि छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्या तशाच बारीक पण अंग कोरडं आणि श्वास मंद, तर अफूच्या जातीचं, त्याचा उतारा नॅलॉक्सोन. बाहुल्या मोठ्या, अंग तापलंय, बरळतोय, तर काखेत हात घालून बघा, ओली असेल तर उत्तेजक अमली पदार्थ, कोरडी असेल तर धोत्र्यासारखं काहीतरी. याला लॅब लागत नाही.

जुनीवही: सगळं पुस्तकी. आमच्या काकांना मिठाच्या पाण्यानेच वाचवलं, आजही ठणठणीत आहेत.

रात्रपाळी: काका वाचले, चांगलं झालं. पण प्यायले काय होते? रॉकेल असतं तर उलटीबरोबर फुप्फुसात गेलं असतं, ॲसिडने वर येताना अन्ननलिका परत भाजली असती. आणि त्या मिठाने रक्तातलं सोडियम चढून माणसं दगावलीत, विषाने नाही, मिठाने!

कडूलिंब: मिठावर काय भांडताय, दवाखान्यात नळी घालून पोट धुतात त्याबद्दल बोला ना. आला पेशंट की घाल नळी, मग तो कधी प्यायला, काय प्यायला, कोणी विचारत नाही. माझ्या भावाचं पोट बेशुद्धीत, श्वास सुरक्षित ठेवणारी नळी श्वासनलिकेत न टाकताच धुतलं, पाणी छातीत गेलं, पुढे न्यूमोनियाने हाल हाल झाले. तासाभरानंतर बहुतेकदा त्यातून हाती काही लागत नाही, तरी करतात, कारण नातेवाइकांना काहीतरी चाललंय असं दिसतं.

जुनीवही: म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं? घरच्यांची अवस्था कळते का तुम्हाला?

कडूलिंब: मीच घरचा होतो. मला शिकवू नका.

निशिगंध: रात्रपाळी, तुमचं "लॅब लागत नाही" पण धोक्याचं आहे. पॅरासिटामॉलच्या (तापाच्या) गोळ्या जास्त घेतल्या तर काय? माझी मैत्रीण पहिल्या दिवशी हसत बोलत होती, म्हणून घरी पाठवलं, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. तिथे गोळ्या घेतल्यापासून चार तासांनंतरची रक्तातली पातळीच बघावी लागते, आणि त्याचा उतारा ॲसिटिलसिस्टीन आठ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर वाचतं.

रात्रपाळी: ठीक आहे, पॅरासिटामॉलपुरतं मान्य. श्वास अडकलेल्यासाठी मात्र मी तसूभर मागे हटणार नाही.

जुनीवही: उलटी नको तर नको. पण मग घरच्यांनी करायचं काय ते एकदा लिहा ना, नुसतं "नको नको" काय!

रात्रपाळी: कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, आणि बाटली किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घेऊन ताबडतोब निघा.