पॅथॉलॉजीच्या स्लाइड पोरांच्या मोबाइलवर कशा दाखवायच्या?

कोडवाला_२६: मंडळी, चार महिने झाले एका मेडिकल कॉलेजच्या वेब टीमला लागलोय. टीम म्हणजे मी, एक डिझायनर आणि प्रिंटरपण बघणारे एक काका. पीपीटी, क्विझ, लॉगबुक सगळं मूडलवर (कॉलेजची ऑनलाइन शिकवणीची साइट). आता पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे टिश्यूच्या काचेच्या स्लाइड स्कॅन करणारा स्कॅनर आलाय, म्हणतात सेकंड इयरच्या पोरांना घरबसल्या स्लाइड दिसल्या पाहिजेत. स्कॅनरमधून निघणारी एकेक एसव्हीएस फाइल दीड-दोन जीबीची! छोटा जेपेग काढून दिला तर झूम केल्यावर नुसतं गुलाबी-जांभळं धुकं, मॅडम म्हणाल्या "यात न्यूक्लिअस दाखव बरं मला". पूर्ण साइजचा काढायला गेलो तर लॅपटॉपनेच मान टाकली. सॉफ्टवेअर विकत घ्यायला बजेट नाही.

जुना_खोड: भावा, गूगल मॅप उघडलास की अख्खा महाराष्ट्र डाउनलोड होतो का? तसंच करायचं, तुकडे. ४०एक्सला स्कॅन म्हणजे एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा, दीड सेंटीमीटरचा टिश्यू धरला तरी ६०,००० बाय ६०,००० झाले, ते कुठल्या मोबाइलला झेपणार. लिबव्हिप्स टाक (मोठ्या इमेज हाताळायचं सॉफ्टवेअर), त्यात डीझेडसेव्ह म्हणून कमांड आहे, ती २५६ पिक्सेलचे तुकडे पाडून देते, प्रत्येक झूमचे वेगळे. पानावर ओपनसीड्रॅगन लाव, म्हणजे झूम करताना लागतील तेवढेच तुकडे मागवणारा व्ह्यूअर. दोन्ही फुकट. फक्त एका स्लाइडचे सत्तरेक हजार तुकडे होतात, ते एफटीपीने एकेक चढवत बसू नकोस, मी बसलो होतो, दिवाळी गेली त्यात 😅 झिप करून चढव आणि सर्व्हरवर सोड.

स्लाइडवाली: मी पॅथॉलॉजीची रेसिडेंट. कोडिंगमधलं कळत नाही पण एक सांगते, स्लाइडच्या टोकाला लेबल असतं ना, त्यावर बायॉप्सी नंबर आणि कधीकधी हाताने लिहिलेलं पेशंटचं नाव, स्कॅनर त्याचाही फोटो काढतो.

जुना_खोड: बरोबर बोलल्या मॅडम, तो फोटो एसव्हीएसच्याच पोटात असतो. तुकड्यांत येत नाही, पण मूळ फाइल डाउनलोडला ठेवलीस की नाव गेलं बाहेर. फाइलचं नावपण बदल, बहुतेकदा तोच बायॉप्सी नंबर असतो.

एक्सेलग्रस्त: थोडं विषयांतर, पण लॉगबुकचं नाव काढलंस म्हणून. २०१९ पासूनच्या सीबीएमईत, म्हणजे एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात, प्रत्येक कॉम्पिटन्सीला (पोरांना यायलाच हवं अशा कौशल्याला) कोड असतो, मेडिसिनमध्ये हिस्ट्री घेण्याचा आयएम१.१० वगैरे. आमच्या एका शहाण्याने सोयीसाठी विषय एका कॉलममध्ये आणि आकडा दुसऱ्यात केला. एक्सेलने १.१० चं गुपचूप १.१ केलं. हिस्ट्री घेतलेल्या पोरांच्या सह्या भलत्याच ओळीत, आणि कळलं कधी, इंटर्नल असेसमेंटच्या आदल्या रात्री. कोड कायम टेक्स्ट म्हणूनच ठेव, नंबर म्हणून अजिबात नको.

कोडवाला_२६: जमलं राव!! काल रात्री एक स्लाइड चढवली, मूळ फाइल लिंकवर होतीच 🙈 ती आधी उडवली, धन्यवाद ताई. सकाळी मॅडमनी स्वतःच्या फोनवर दोन बोटांनी झूम करत करत एक मायटोसिस (विभागत असलेली पेशी) शोधला आणि पाच मिनिटं कोणाशी बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "छान. आता यावर बाण काढून दे, आणि पोरांनी उत्तर दिल्यावरच दिसला पाहिजे." ओपनसीड्रॅगनमध्ये होतं का हे कोणी केलंय?