धूर तेवढाच, पण कार्बन कुठला?
शाश्वत विमान-इंधन, म्हणजे तळून उरलेल्या तेलासारख्या कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन, याबद्दल नेहमी विचारलं जातं: ‘इंजिनातून धूर तेवढाच निघणार, मग फायदा काय?’ प्रश्न रास्त आहे. एक किलो साधं विमान-इंधन जाळलं की साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शाश्वत इंधनातही जवळपास तेवढाच. फरक आहे तो कार्बन आला कुठून यात. तळून उरलेल्या तेलातला कार्बन झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालून नव्याने उपसलेला नसतो. म्हणून कच्च्या मालापासून इंधन जळेपर्यंतचं पूर्ण जीवनचक्र धरलं तर कार्बन उत्सर्जनातली घट ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

सध्या साध्या इंधनात शाश्वत इंधन जास्तीत जास्त ५० टक्के मिसळता येतं. याचं एक कारण असं: साध्या इंधनातल्या अ‍ॅरोमॅटिक (वलयाकार रेणूंच्या) घटकांनी इंधन-यंत्रणेतले रबरी सील फुगून घट्ट बसतात, आणि बहुतेक शाश्वत इंधनांत ते घटक जवळपास नसतातच.

मला खरी काळजी कच्च्या मालाची वाटते. वापरलेलं तेल मोजकंच मिळतं. त्याची तूट भरायला जंगल तोडून पाम लावला, तर सगळा हिशेबच उलटतो.