मदत हवी आहे : आई-अप्पांसाठी सुपर टॉप-अप की हॉस्पिटल कॅश?

मंडळी, आम्ही अमळनेरचे. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-अप्पांना ३ लाखांचं कव्हर आहे, पण रूमभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३००० पर्यंतच. उन्हाळ्यात अप्पांना जळगावला ॲडमिट केलं, रूम मिळाली ५००० ची. नुसता भाड्यातला फरक नाही कापला, डॉक्टरांची फी, ओटी चार्जही त्याच प्रमाणात कापले. हातमोजे-सिरिंजचे पैसे तर धरलेच नाहीत. केळीचे आलेले पैसे तिकडेच गेले.

आता एजंट हॉस्पिटल कॅश (ॲडमिट असेपर्यंत रोज ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी) गळ्यात मारतोय. मला सुपर टॉप-अप (ठरावीक मर्यादेच्या वरचं बिल देणारी जादा पॉलिसी) बरा वाटतो, कारण साध्या टॉप-अपमध्ये ३ लाखांची मर्यादा दर ॲडमिशनला नव्याने ओलांडावी लागते, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात.

पण अप्पा ६४ वर्षांचे, त्यात शुगर. जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड सत्तरीनंतर. माझी नोकरी सुटली तर खालचे ३ लाख खिशातून, मग आधी स्वतःची बेस (मूळ) पॉलिसी घ्यावी का? आणि बेसने प्रमाणात कापलेली रक्कम सुपर टॉप-अपवाले डिडक्टिबलमध्ये (म्हणजे त्या ३ लाखांच्या मर्यादेत) धरतात का? जळगाव-धुळे-नाशिककडे खरोखर क्लेम केलेल्यांनी सांगा. एजंट भाऊंनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.