मदत हवी: रिले पॅनेलसाठी १० हर्ट्झच्या वरचा भूकंप कसा धरायचा?

राम राम मंडळी,

भुसावळजवळ एका सबस्टेशनचं काम हातात आहे. कंट्रोल रूमच्या इमारतीचं डिझाइन निघालं, घोडं अडलंय रिले पॅनेलपाशी (बिघाड ओळखून पुरवठा तोडायला लावणारे रिले बसवलेलं कपाट). अँकर बोल्टवर ताठ बसवलेलं, त्याची स्वतःची हलण्याची वारंवारता १५ ते २० हर्ट्झच्या घरात. पॅनेल पडायचं नाही, पण आतला रिले थरथरून उगाच ट्रिप देईल ही धास्ती.

आपण भूकंपाच्या झोन तीनमध्ये, भूकंपाचा भारतीय कोड आयएस १८९३ (२०१६) प्रमाणे झोन फॅक्टर ०.१६. डायनॅमिक विश्लेषणाचा कोडमधला स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला हादरा किती पट धरायचा तो आलेख) ०.१ सेकंदाच्या खाली, म्हणजे १० हर्ट्झच्या वर, उतरतो; २० हर्ट्झला २.५ ऐवजी १.७५. कठीण खडकावर मात्र जोर तिथंच असतो. म्हणून बूर यांच्या स्टोकॅस्टिक (यादृच्छिक कंपनांवरून हादरा रचायच्या) पद्धतीने भूकंपाच्या कृत्रिम नोंदी काढायला घेतल्या. स्रोत १९३८ च्या सातपुडा भूकंपासारखा: मॅग्निट्यूड सव्वासहाच्या आसपास, खोली सुमारे ४० किमी.

आता सगळं कप्पावर (जागेखालच्या जमिनीत वरची वारंवारता किती जिरते ते सांगणारा, सेकंदांतला आकडा) येऊन ठेपलंय. ०.००६ धरला तर २० हर्ट्झला हादऱ्याचा ०.६९ भाग उरतो, ०.०४ धरला तर ०.०८. आठपटीहून जास्त फरक! पहिला आकडा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कठीण खडकाचा, दुसरा कॅलिफोर्नियाचा. आमच्या काळ्या पाषाणाला कुणाचं माप लावू? साहेब म्हणतात, मधला घे. (साहेबांचं प्रत्येक बाबतीत हेच असतं.) की सरळ कोयनेचा १९६७ चा, ०.६३ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट) वाला रेकॉर्ड स्केल करू?

प्रतिसाद १
कोयना नको भो. तो रेकॉर्ड धरणाच्या गॅलरीतला, भूकंपही जवळचा नि उथळ. मधला कप्पाही नको. कप्पा आणि स्ट्रेस ड्रॉप (भूकंपात भ्रंशावरचा किती ताण सुटला तो आकडा) दोन्ही वरच्या वारंवारतेवरच खेळतात, त्यामुळे ज्या नोंदींवरून एक काढलाय त्यांच्यावरूनच दुसरा घे. एका पेपरातला हा, दुसऱ्यातला तो, असं केलंस की उत्तर बिघडलं. अशा दोन-तीन जोड्या चालव, प्रत्येकीला वजन दे.
पण पाया कशावर आहे? नि पॅनेल कोणत्या मजल्यावर? वर असेल तर फ्लोअर स्पेक्ट्रम (जमिनीचा नव्हे, त्या मजल्याच्या हादऱ्याचा) लागेल.

धागाकर्ता
तळमजल्यावरच, दादा. बोअरमध्ये वर काळी माती, मग पिवळी माती नि वाळू. ३० मीटरपर्यंत खडक लागला नाही.

प्रतिसाद १
अरे, मग तू तापीच्या गाळावर बसलायस! ०.००६ पृष्ठभागाला लावूच नको. खडकाची हालचाल तळाशी दे आणि थरांतून वर आण. थरांतल्या शिअर वेव्हच्या वेगासाठी एमएएसडब्ल्यू (पृष्ठलहरींवरून तो वेग काढायची चाचणी) करून घे. गाळात २० हर्ट्झ बराच जिरेल. फक्त थरांचं डॅम्पिंग (हादरा जिरवणं) वेगळं धरलंस की तेच पुन्हा कप्पात मोजू नकोस. बोअर लॉग इथं टाक, बघतो.