मालिकेतलं नवीन पुस्तक हातात आलं तो दिवस - तुमचे अनुभव लिहा

निळी शाई
गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला लेक तिच्या खोलीतून बाहेर आली, डोळे सुजलेले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आई, तुला माहीत होतं ना?" हातात हॅरी पॉटरचा सहावा भाग, शेवटची पन्नासेक पानं उरलेली. मला लगेच कळलं, हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर गेले. तिला जवळ घेतलं आणि मीपण रडले, वीस वर्षांनी परत. नवरा घाबरून विचारायला आला की कोण गेलं.
मग दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा खोका काढला. त्यात माझा आणि दादाचा सातवा भाग. २१ जुलै २००७, शनिवार होता. उजाडायच्या आत दादाच्या स्कूटरवर रेनकोट घालून डेक्कनला गेलो, दुकानाबाहेर आमच्याआधी वीसबावीस जण उभे होतेच. किंमत हजाराच्या घरात म्हणजे एकच प्रत, तीही दादाच्या शिकवण्यांच्या पैशातून. वाटणी अशी की दिवसा मी वाचायचं आणि रात्री तो. दोघांच्या खुणा वेगळ्या, दोन पीएमटीची तिकिटं, आणि जो पुढे असेल त्याने चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू द्यायचं नाही. रविवारी सकाळी दादा चहाला आला आणि माझ्याकडे बघेचना, कपातच बघत बसला. मी म्हटलं, "कोण?" तो उठून गॅलरीत गेला. दुपारी मी त्या पानावर पोचले तेव्हा कळलं, हॅरीला जीव लावणारा तो छोटा डॉबी.
दादा आता टोरांटोला असतो. तिकिटं अजून पुस्तकात आहेत. पुस्तकाला मात्र कसर लागलीय कडेने, बघून वाईट वाटलं.
तर लिहा तुमचंही. मालिका कुठलीही चालेल. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जपून वाचा, इथे सगळं फुटणार.

चहाचा दुसरा कप
कपातच बघत बसला 😭 माझा भाऊ आठवला. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

खिडकीतली सीट
सहावा भाग म्हटला की मला २६ जुलैच आठवते. पुस्तक आलं १६ जुलै २००५ ला, मला मैत्रिणीकडून दहा दिवसांनी मिळालं, मंगळवारी ऑफिसात तिने दिलं आणि म्हणाली उद्या परवा दे, घाई नाही. दुपारी लोकल बंद, कुर्ल्याला पटरीवरून उतरून चालायला लागलो, एलबीएस रोडवर कमरेएवढं पाणी, पुढचा माणूस हात धरून मागच्याला सांगतोय इथे गटार आहे डावीकडून या. पुस्तक दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डोक्यावर धरलेलं, पर्स गेली तरी चालेल पण दुसऱ्याचं पुस्तक भिजता कामा नये हे एकच डोक्यात. रात्र एका अनोळखी सोसायटीच्या जिन्यात काढली, तिथल्या काकूंनी सगळ्यांना पोहे केले आणि मेणबत्ती दिली, त्या मेणबत्तीत मी पहिली पाच प्रकरणं वाचली. शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता तो म्हणाला जरा मोठ्याने वाचाल का. मग वाचलं. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला हे नंतर पेपरमध्ये वाचलं, तेव्हा आम्हाला फक्त पायऱ्या मोजून कळत होतं पाणी किती चढलं ते. त्या काकूंचं नाव विचारायचं राहिलं, अजून खंत आहे.

टेकडीवरचा
@खिडकीतली सीट, काटा आला वाचून. मी त्या रात्री अंधेरीहून बोरिवलीपर्यंत चालत गेलो होतो. पुस्तकबिस्तक काही नाही पण लोकांनी दिलेले ते पार्ले बिस्किटचे पुडे विसरणार नाही.

खिडकीतली सीट
हो ना. प्रत्येक बिल्डिंगखाली कोणीतरी पाणी घेऊन उभं होतं.

वऱ्हाडी ठेचा
पाचवा भाग २१ जून २००३. आमच्या विदर्भात तेव्हा शाळा २६ ला उघडायची म्हणजे हातात पाच दिवस आणि पानं ७६६! मामा नागपूरहून एसटीने घेऊन आला अकोल्याला, त्यातच दीड दिवस गेला. ऊन असं की कूलरसमोर ओलं फडकं डोक्यावर घेऊन वाचत होतो. चौथ्यानंतर तीन वर्षं वाट पाहिलेली बाप्पा, मी पाचवीतून आठवीत गेलो तेवढ्यात. हॅरीचा धर्मपिता सिरियस त्या जादूच्या पडद्यामागे गेला ते मी तीनदा वाचलं, वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे, असा कसा मरन कोणी, प्रेत नाही काही नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी कोणाशी बोललो नाही. बाईंनी आईला विचारलं घरी काही झालं काय.

मधली सुट्टी
असा कसा मरन कोणी... अगदी हेच वाटलं होतं. मी सातव्या भागाच्या शेवटापर्यंत आशा सोडली नव्हती.

घडीची पोळी
सगळे इंग्रजीतून वाचलेले दिसताय. मी मराठी माध्यमाची, सांगली जिल्ह्यातलं गाव. मला वाचनालयात 'हॅरी पॉटर आणि परीस' मिळालं आणि मी तिथेच बाकावर संध्याकाळपर्यंत बसले. परीस हा शब्द किती नेमका आहे बघा, लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याला आजीच्या गोष्टीतून आधीच माहीत असतो, कोणी समजावून सांगावं लागत नाही. पण पुढचा भाग मराठीत येईपर्यंत किती वाट बघायला लागायची! तोपर्यंत क्लासला येणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मुलींनी सगळं सांगून टाकलेलं असायचं, कोण मेलं, कोण वाईट निघालं, आणि वर म्हणायच्या अगं तुला अजून माहीत नाही? तुमच्यासारखा पहिला दिवस मला कधी मिळालाच नाही.
म्हणून २००७ ला मी ठरवलं की सातवा इंग्रजीतूनच. मामेबहिणीची प्रत, शेजारी शब्दकोश आणि दोनशे पानी वही. रोज चार पानं व्हायची. पहिल्या प्रकरणातच ऐंशी शब्द काढलेले, वही अजून आहे. क्लासला त्या मुली बोलायला लागल्या की मी कानात बोटं घालून बाहेर जायचे, सरांचा एकदा ओरडापण खाल्ला त्यांनी माझ्यामुळे. जुलैत सुरू केलं ते दिवाळीत, आकाशकंदील लावायच्या दिवशी, हॅरीचे मास्तर स्नेप यांच्या आठवणींच्या प्रकरणाला पोचले. आणि ते प्रकरण मी एकही शब्द न काढता वाचलं. संपल्यावर लक्षात आलं की वही उघडलीच नाही. आई खालून हाका मारत होती कंदील धर म्हणून, मला उठवेना.

निळी शाई
@घडीची पोळी, तुला घट्ट मिठी. वहीचा फोटो टाक ना.

चहाचा दुसरा कप
घडीची पोळी ❤️ रडवलंस भर दुपारी

शेवटचं पान
सहावा ते सातवा ही दोन वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी काळ. सहाव्याच्या शेवटी सापडणाऱ्या लॉकेटमधल्या चिठ्ठीवर आर. ए. बी. एवढीच सही, आणि आम्ही हॉस्टेलवर रात्र रात्र तेच. मी पैज लावली होती की सिरियसचा भाऊ रेग्युलस, कारण पाचव्या भागात घर साफ करताना कोणालाच न उघडणारं एक जड लॉकेट सापडतं, एका ओळीत येऊन जातं, कोणाचं लक्षही जात नाही. मग नेटवर कळलं की डच भाषांतरात सिरियसच्या ब्लॅक घराण्याचं आडनाव झ्वार्ट्स आहे आणि तिथे सही आर. ए. झेड. आहे! नॉर्वेजियनमध्येही शेवटचं अक्षर बदललेलं. म्हणजे भाषांतरकारांनीच उत्तर फोडलं. त्या रात्री अख्ख्या मजल्यावर ओरडत फिरलो. पैजेचे दोन मिसळपाव अजून येणे आहेत.

तांबडी माती
पण मला सातवा तेवढा नाही आवडला, ते तंबूत राहण्याचं फारच लांबलंय. जंगल, भांडण, परत जंगल.

शेवटचं पान
असहमत. तंबूच तर खरं पुस्तक आहे. शाळा नाही, मोठं माणूस नाही, काय करायचं माहीत नाही, खायला नाही, मित्र सोडून गेला. मी तेव्हा नोकरी शोधत दुसऱ्या शहरात एकटा होतो, मला ती पानं सगळ्यात जवळची.

तांबडी माती
हं, असं बघितलं नव्हतं. परत वाचून बघते.

जर्सीतली आजी
आमच्याकडे अमेरिकेत सातव्याची मध्यरात्री विक्री होती, मुलाला घेऊन उभी होते, सगळी मुलं काळे झगे घालून आणि माझा शेंडेफळ आजोबांच्या काळ्या शालीत. इथल्या पुस्तकात ७५९ पानं आहेत, ब्रिटिश आवृत्तीत ६०७, भारतात बहुतेक तीच यायची. शाल अजून त्याच्याकडे आहे.

कालचक्र
थोडं वेगळं लिहितो. मी व्हील ऑफ टाइम या कादंबरीमालेचा वाचक. तिचे लेखक रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेले आणि शेवटचा भाग राहिला. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी घरचं कोणी गेल्यासारखं जेवण गेलं नाही. पण त्या माणसाने आजारपणात शेवट कसा व्हायला हवा ते सांगून, लिहवून ठेवलेलं. त्यांच्या पत्नी हॅरिएट, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी ब्रँडन सँडरसनला निवडलं. एका भागाचे तीन झाले, चौदावा जानेवारी २०१३ ला आला. शेवटचं पुस्तक हातात घेतलं तेव्हा आनंद वगैरे नाही, आधी नमस्कार केला. खरंच केला, टेबलावर ठेवून.

पोराचा बाप
आम्हा ड्रॅगनवाल्यांची, म्हणजे गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकांच्या वाचकांची वेदना कोण समजणार. पाचवा भाग जुलै २०११, तेव्हा मी एफवायला होतो. आता पोरगा पहिलीत जातोय. सहावा अजून नाही. मी तरी वाट बघणार.

कालचक्र
@पोराचा बाप, भावा, धीर धर. मनापासून.

गवती चहा
कसर लागलेल्या पुस्तकाबद्दल - आधी दोन दिवस कोरड्या हवेत उघडून ठेवा, थेट उन्हात नको, कागद पिवळा पडतो. मऊ ब्रशने प्रत्येक पान झाडा. मग कपाटात वेखंड ठेवा. आमच्याकडे आजोबांच्या पोथ्या अशाच टिकल्यात.

मधली सुट्टी
कडुनिंबाचा पाला पण चालतो, नीट वाळवलेला.

निळी शाई
सगळ्यांचं वाचतेय, ऑफिसमधून चोरून. दादाला लिंक पाठवली, त्याचा रात्री फोन आला, बराच वेळ बोललोच नाही दोघं, मग म्हणाला तिला सांग डॉबीच्या आधी पाणी पिऊन घे. लेकीने सातवा सुरू केलाय, तीच आमची प्रत. खूण म्हणून दादाचं तिकीट वापरतेय. माझं तिने त्याच्याच पानात राहू दिलंय.
@गवती चहा, वेखंड आणलं मंडईतून. पूड करून ठेवू की अख्खं?

गवती चहा
अख्खं. सुती कापडात बांधून, दर पावसाळ्यात बदला.